राडिक्यो : थंडीच्या तालावर पिकणारी लाल भाजी

मोठ्या हॉटेलांत मांडलेल्या सॅलडच्या ताटात अधूनमधून गडद लाल रंगाची, ठसठशीत पांढऱ्या शिरांची पाने दिसतात. लाल कोबी समजून ती तोंडात टाकणाऱ्याचा चेहरा क्षणात बदलतो, कारण पाने चांगलीच कडू असतात. ही कोबी नव्हे. कोबीचे कूळ मोहरीचे. ही भाजी सूर्यफुलाच्या कुळातील असून सॅलडमध्ये नेहमी असणाऱ्या लेट्यूसची ती जवळची नातलग आहे. इटलीच्या ईशान्य भागातील व्हेनेतो प्रांतात ती वाढली, तिथेच तिला आजचे रूप मिळाले आणि तिथल्या भाषेत तिला राडिक्यो म्हणतात.

नाव परके वाटले तरी ही वनस्पती आपल्या घरांत कधीच येऊन पोहोचली आहे. फिल्टर कॉफीच्या पाकिटावर कॉफीबरोबर ‘चिकोरी’चे प्रमाण छापलेले असते. ती चिकोरी म्हणजे याच वनस्पतीच्या एका वाणाचे भाजून दळलेले मूळ. गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात ते पीक रब्बी हंगामात घेतले जाते. युनानी वैद्यकातील ‘कासनी’ हीसुद्धा तीच. शास्त्रीय नाव एकच, सिकोरियम इंटिबस. एकाच जातीतून कोणी जाडजूड मुळांची निवड करत गेले, तर कोणी पानांची. व्हेनेतोच्या शेतकऱ्यांनी पाने निवडली, आणि त्यातही लाल होणारी.

इटलीच्या बाजारात राडिक्यो आता वर्षातील बहुतेक महिन्यांत मिळतो. एप्रिलमध्ये मिळतो, जुलैत मिळतो, ऑक्टोबरात मिळतो आणि जानेवारीत तर त्याचा थाटच वेगळा असतो. यावरून एकच रोप पुन्हा पुन्हा पेरून बारमाही पीक काढले जात असावे, असा समज होतो. आपल्याकडे तांबडी भाजी जशी थोड्या थोड्या दिवसांनी वाफ्यात टाकत राहावी आणि उपटत राहावी, तसे. प्रत्यक्षात राडिक्योचे तसे नाही. एका हंगामाचे बी दुसऱ्या हंगामात पेरले तर गड्ड्याऐवजी निव्वळ फुलांचा दांडा हाती येतो. वर्षभराची ही कापणी उभी आहे ती वेगवेगळ्या गावांनी वेगवेगळ्या ऋतूंसाठी घडवलेल्या वाणांवर. प्रत्येक वाणाने त्या गावाची माती, पाणी आणि थंडी यांच्याशी केलेली ती तडजोड आहे.

रोपाच्या अंगातील घड्याळ

हे समजण्यासाठी रोपाचा स्वभाव पाहावा लागतो. चिकोरी मुळात दोन वर्षांची वनस्पती आहे. पहिल्या वर्षी ती जमिनीलगत पानांचा पसरट झुबका धरते आणि जमिनीखाली लांब सोटमूळ उतरवते. पानांनी मिळवलेले अन्न या मुळात इन्युलिन नावाच्या पिष्टमय पदार्थाच्या रूपाने साठते. हिवाळा सरला की दुसऱ्या वर्षी त्याच शिदोरीवर दांडा वर येतो, निळी फुले लागतात, बी धरते आणि रोपाचे आयुष्य संपते.

फुलोरा केव्हा आणायचा हे रोप दोन खुणांवरून ठरवते. पहिली खूण थंडीची. काही आठवडे गारठा अंगावर घेतला की हिवाळा होऊन गेला, असे रोपाच्या लेखी ठरते. दुसरी खूण दिवसाच्या लांबीची. थंडी भोगून झाल्यावर दिवस मोठे होऊ लागले की दांडा सुटतो. कांद्याचे पीक घेणाऱ्यांना हा प्रकार चांगलाच ठाऊक आहे. चुकीच्या वेळी थंडी लागली की कांद्याला डेंगळे येतात. राडिक्योचेही तसेच होते. डेंगळा फुटलेले रोप गड्डा धरत नाही, पाने चिवट होतात आणि कडूपणा तोंडात घालवत नाही.

त्रेव्हिझो शहर जवळजवळ ४६ अक्षांशावर आहे. तेथे जून महिन्यात दिवस साडेपंधरा तासांहून मोठा असतो आणि डिसेंबरात तो पावणेनऊ तासांच्या आसपास येतो. पणजीत हा फरक तेरा तास ते सव्वाअकरा तास एवढाच. व्हेनेतोच्या रोपाला ऋतू किती ठळकपणे कळतो, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे. म्हणूनच राडिक्योची सर्वांत सुरक्षित पेरणी दक्षिणायन लागल्यानंतरची, म्हणजे जूनच्या अखेरीपासून जुलैअखेरपर्यंतची. रोप लहान असताना हवा उबदार असते, त्यामुळे थंडीची खोटी वर्दी मिळत नाही. पुढे थंडी येते तेव्हा दिवस लहान होत चाललेले असतात. दोन्ही खुणा एकत्र जुळतच नाहीत आणि रोप मुकाट्याने पाने वाढवत राहते.

सोपे पीक हेच. वसंत आणि उन्हाळ्यातली कापणी ही निसर्गाच्या प्रवाहाविरुद्ध पोहण्यासारखी आहे, आणि ते पोहणे ज्यांनी साधले ते किओज्जाचे लोक.

वाळूतला गोल गड्डा

किओज्जा हे व्हेनिसच्या खाडीच्या दक्षिण टोकाचे मासेमारीचे बंदर. त्याला लागून समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात वाळूमिश्रित शेते आहेत. वाळूची जमीन पाणी धरत नाही, खत धरत नाही, पण उन्हाने लवकर तापते. फेब्रुवारी-मार्चमध्ये भोवतालची चिकणमाती अजून गार आणि ओली असताना किओज्जाची शेते लागवडीला तयार झालेली असतात. समुद्र जवळ असल्यामुळे कडाक्याची थंडीही जरा बोथट होते.

तेथील शेतकऱ्यांनी गेल्या शतकात पिढ्यान्‌पिढ्या निवड करत लांबट, सैल पानांच्या राडिक्योतून घट्ट, गोल गड्डा धरणारा वाण काढला. आज जगभरच्या बाजारांत आणि हॉटेलांत राडिक्यो म्हणून जो ओळखला जातो तो बहुतेक वेळा हाच, कारण घट्ट गड्डा लांबचा प्रवास सोसतो. किओज्जाच्या राडिक्योला २००८ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याकडे खोलाच्या मिरचीला किंवा मानकुराद आंब्याला जे मिळाले आहे, त्याच जातीचे हे मानांकन. त्याच्या नियमावलीत दोन प्रकार वेगळे नोंदले आहेत. हळव्या प्रकाराची कापणी एप्रिलपासून जुलैच्या मध्यापर्यंत, तर गरव्याची सप्टेंबरपासून मार्चअखेरपर्यंत. मधले सहा-सात आठवडे नियमानेच रिकामे सोडलेले आहेत.

हळव्या पिकाची सारी करामत रोपवाटिकेत असते. बी हिवाळ्यात, गरम ठेवलेल्या जागेत टाकतात आणि रोपांना थंडीचा स्पर्श होऊ देत नाहीत. तापमान बारा अंशांच्या खाली बराच काळ राहिले तर रोपाला हिवाळा झाल्याचा भास होतो; मग शेतात गेल्यावर एप्रिलचा वाढता दिवस पाहून ते सरळ डेंगळा काढते. म्हणून रोपे अठरा-वीस अंशांवर वाढवायची, चार-पाच पानांची झाली की शेतात लावायची आणि वर प्लॅस्टिकचे बुटके बोगदे किंवा विणकाम नसलेले हलके कापड पांघरायचे. हवा तापू लागली की ते पांघरूण दिवसा उघडायचे. यात आळस झाला तर पीक भाजते आणि घाई झाली तर डेंगळते. हळव्या वाणांची निवडही याच निकषावर झालेली आहे : जी रोपे थंडी सोसूनही उशिरा फुलली त्यांचेच बी धरले गेले.

मोबदल्यात मिळतो तो एप्रिल-मेमधला ताजा गड्डा. तो लाल असतो, कुरकुरीत असतो, पण जाणकारांच्या मते चवीला काहीसा उथळ. उष्णतेत वाढलेल्या पानांत कडूपणा असतो, गोडवा मात्र कमी.

पावसाळ्यातील पेरणी, शरदातील कापणी

मुख्य हंगामाचे गणित तुलनेने सरळ आहे. जमीन भुसभुशीत आणि निचऱ्याची हवी. सोटमूळ खोल जाणार असल्याने खालचा थर दगडासारखा कडक असून चालत नाही. सामू सहा ते सात. शेणखत ताजे नको, आधीच्या पिकाला घातलेले पुरते. नत्राचा हात सैल सोडला तर पाने भराभर फोफावतात, गड्डा आवळत नाही, आणि आतील कोवळ्या पानांच्या कडा करपतात. ही करप रोगाची नसून चुना वेळेवर न पोहोचल्याची असते; वाढ झपाट्याची आणि पाणी अनियमित असेल तर कॅल्शियम पानांच्या टोकापर्यंत जात नाही.

बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पडावे. भर उन्हाळ्यात वरची माती तापते आणि सुकते, म्हणून उगवण होईपर्यंत दिवसातून दोनदा हलका शिडकावा आणि वर थोडी सावली द्यावी लागते. तीन-चार आठवड्यांची रोपे दोन ओळींत तीस ते चाळीस आणि दोन रोपांत पंचवीस ते तीस सेंटिमीटर अंतराने लावतात. पहिले महिनाभर तण काढणे महत्त्वाचे. पुढे पानेच जमीन झाकतात. पाणी नेमाने पण बेताने. शेवटच्या टप्प्यात पाण्याचा अतिरेक झाला तर बुडाशी कुज लागते, आणि ओल्या शरदात गोगलगाई रात्रीतून पानांची चाळण करतात. पावसाळ्यात गोव्यातील परसबागेचे जे हाल गोगलगाई करतात तेच इथे.

कापणीचा काळ लांबवण्याची युक्ती पेरणीच्या तारखांत कमी आणि वाणांच्या मुदतीत जास्त आहे. काही वाण लागवडीपासून साठ-सत्तर दिवसांत तयार होतात, काही नव्वद ते एकशेदहा दिवसांत, आणि गरवे वाण एकशेवीस ते दीडशे दिवस घेतात. जुलैच्या एकाच आठवड्यात या तिन्ही मुदतींची रोपे धरली तर सप्टेंबरच्या अखेरीपासून थेट डिसेंबरपर्यंत शेतात काहीतरी काढणीला येत राहते. उलट एकच वाण दर पंधरवड्याने पेरत गेल्यास पहिली पेरणी उन्हात सापडते आणि शेवटची दिवस अपुरे पडून अर्धवट राहते. ऑगस्टच्या मध्यानंतर एका आठवड्याचा उशीर पुढे कापणीत तीन आठवड्यांचा होतो, कारण ऑक्टोबरचे एक उन्हाळी दिवसासारखे काम करत नाही. ऊन तिरपे आणि दिवस तोकडा.

शरदातील पानांचा रंग हा मूळ लाल नसतो, हेही लक्षात घेण्याजोगे. उन्हाळाभर बहुतेक वाण हिरवे किंवा तांबूस-हिरवे दिसतात. रात्री गार होऊ लागल्या की अँथोसायनिन नावाचे लाल रंगद्रव्य पानांत वाढते आणि हरितद्रव्य मागे हटते. जांभळाला, कोकमाला आणि तांबड्या कोबीला रंग देणारे द्रव्यही याच कुळातले. थंडीबरोबर पानांत साखरही वाढते. कडूपणा जात नाही, पण त्याला सोबत मिळते. हा कडूपणा पाने मोडल्यावर निघणाऱ्या पांढऱ्या चिकातील संयुगांमुळे येतो. कारले आणि मेथी खाणाऱ्या माणसाला त्याचे भय वाटू नये.

त्रेव्हिझोच्या हळव्या प्रकाराची कापणी सप्टेंबरपासून सुरू होते. हा लांबट, मिटलेल्या छत्रीसारखा गड्डा. पूर्वी त्याची पाने शेतातच वरून एकत्र करून बांधून ठेवत, म्हणजे आतल्या पानांना उजेड मिळत नसे आणि ती पांढरी व मऊ पडत. दोन-तीन आठवड्यांनी दोरी सोडून कापणी. अनेक नव्या वाणांची पाने स्वतःच मिटतात, त्यामुळे हे बांधणे कमी होत चालले आहे.

दोनदा काढले जाणारे पीक

खरी गोष्ट सुरू होते नोव्हेंबरात, आणि ती त्रेव्हिझोच्या गरव्या राडिक्योची आहे. त्याला तिथे तार्दिव्हो, म्हणजे उशिराचा, म्हणतात. हे पीक दोनदा काढले जाते : एकदा शेतातून आणि एकदा पाण्यातून.

शेतात उभे असलेले तार्दिव्होचे रोप पाहून कोणी ते विकत घेणार नाही. बाहेरची पाने मोठी, ओबडधोबड, काळपट. थंडीने अर्धी सडलेली. नियमावली सांगते की १ नोव्हेंबरपूर्वी हे रोप काढायचे नाही, आणि तारीख उलटली तरी शेतावर किमान दोनदा दहिवर गोठलेले असले पाहिजे. दहिवर म्हणजे इथे नुसते दव नव्हे. पहाटे पानांवर पांढरा बर्फाचा थर धरला पाहिजे. त्या गारठ्याने बाहेरची पाने मरतात, वाढ थांबते आणि रोपाचे सगळे धन मुळात जाऊन बसते. मग शेतकरी रोप मुळासकट उपटतो. मूळ तोडायचे नाही, कारण पुढचे सारे काम मूळच करणार असते.

ही रोपे जाळीदार पेट्यांत उभी बांधून आडोशाच्या हौदांत ठेवली जातात. हौदातून सतत वाहते पाणी असते आणि ते मुळांना बुडवून पानांच्या बुडाजवळ येऊन थांबते. पाणी कोणतेही चालत नाही. आल्प्सच्या पायथ्याशी दगडगोट्यांच्या जमिनीत मुरलेले पाणी त्रेव्हिझोच्या आसपास, जिथे चिकणमातीचा थर लागतो तिथे, झऱ्यांच्या रूपाने वर येते. सिले ही नदी अशा झऱ्यांतूनच जन्मते. डोंगरावरून वाहत येणारी ती नदी नव्हे. जमिनीखालून येत असल्यामुळे या पाण्याचे तापमान उन्हाळ्या-हिवाळ्यात फारसे बदलत नाही. ते सुमारे अकरा अंश असते. बाहेर शून्याखाली उतरलेली रात्र आणि हौदात अकरा अंशांचे वाहते पाणी. रोपाच्या मुळांना वसंत आला असे वाटते.

वसंत आला, म्हणून रोप मुळातील साठा मोडून मधोमध नवी पाने काढू लागते. पण भोवती अंधार असतो. उजेडाविना हरितद्रव्य तयार होत नाही. लाल रंगद्रव्य मात्र राहते. परिणामी पात्याची कड दारूसारखी गडद लाल आणि मधली शीर हस्तिदंतासारखी पांढरी. उजेड शोधत शीर लांबते, जाड होते आणि टोकाशी आत वळते. दोन ते तीन आठवड्यांत हे घडते. त्यानंतर रोप काही काळ उबदार जागी ठेवून बाहेरची सगळी सडकी पाने हाताने सोलतात, मूळ चाकूने तासून बोटभर ठेवतात आणि वाहत्या पाण्यात धुतात. आत दडलेला लाल-पांढरा तुरा तेव्हा प्रथमच दिसतो. शेतातून आलेल्या वजनाचा मोठा भाग या सोलण्यात कचऱ्यात जातो. थंड पाण्यात हात घालून करायचे हे काम अजूनही बव्हंशी माणसांनीच करायचे असल्याने तार्दिव्होची किंमत किओज्जाच्या गोल गड्ड्याच्या कितीतरी पट असते. ती महाग वाटणाऱ्याने एकदा हे सोलणे पाहावे.

ही रीत कोणी शोधली याविषयी एक कथा सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रांचेस्को व्हान देन बोरे नावाचा बेल्जियमचा उद्यानतज्ज्ञ त्रेव्हिझोजवळ एका बंगल्याची बाग आखण्यासाठी आला आणि आपल्या देशात चिकोरीची मुळे अंधारात ठेवून कोंब काढण्याची पद्धत त्याने इथे रुजवली, असे परंपरा सांगते. बेल्जियमची ती भाजी, विटलूफ, आजही प्रसिद्ध आहे. पण हिवाळ्यात गुरांच्या गोठ्याच्या उबेत राडिक्यो झाकून ठेवण्याची शेतकऱ्यांची रीतही जुनीच आहे, त्यामुळे सगळे श्रेय एका पाहुण्याला देणे धाडसाचे ठरेल. नोंद आहे ती अशी की डिसेंबर १९०० मध्ये कृषितज्ज्ञ जुझेप्पे बेंझी यांच्या पुढाकाराने त्रेव्हिझो शहरात राडिक्योचे पहिले प्रदर्शन भरले. गरिबांच्या हिवाळी भाजीला त्याने शहराच्या चौकात आणून मांडले. १९९६ मध्ये या राडिक्योला आणि कास्तेलफ्रांकोच्या राडिक्योला युरोपीय मानांकन मिळाले.

कास्तेलफ्रांकोचा प्रकार दिसायला सर्वांत देखणा. पिवळसर पांढऱ्या पानांवर लाल-जांभळे शिंतोडे, आणि गड्डा उमललेल्या गुलाबासारखा. लाल राडिक्यो आणि रुंद पानांची एंडिव्ह यांच्या संकरातून तो आला, असे मानतात. कडूपणा सौम्य, हंगाम ऑक्टोबरपासून पुढे. व्हेरोनाचा राडिक्यो आटोपशीर, घट्ट आणि बदामाच्या आकाराचा. तो थंडी चांगली सोसतो आणि भर हिवाळ्यात बाजारात येतो. त्याचे मानांकन २००९ चे. पूर्वेला स्लोव्हेनियाच्या सीमेवर गोरित्सियात गुलाबाच्या फुलासारखा छोटा राडिक्यो होतो, तोही थंडी पडल्यावर काढून उबेत फुलवलेला.

थंडी उशिरा आली तर

या साऱ्या वेळापत्रकाचा कणा दहिवर आहे, आणि तोच आता डळमळू लागला आहे. उत्तर इटलीतील शरद ऋतू उबदार होत चालला आहे. नोव्हेंबरची पहिली तारीख कॅलेंडरवर वेळेवर येते, दहिवर मात्र येत नाही. रोपे शेतात तशीच उभी राहतात, वाढत राहतात, आणि त्यांना मुळात साठा करण्याची गरजच वाटत नाही. उबेबरोबर पाऊस आला तर कुज लागते. दुसरीकडे नाताळची मागणी ठरलेली असते. हौदात दोन-तीन आठवडे आणि सोलण्याचे दिवस धरले तर नाताळासाठीचे रोप नोव्हेंबर सरता सरता उपटायलाच हवे. दहिवर महिनाअखेर पडले तर हिशेब जेमतेम बसतो. त्याहून पुढे गेले तर मालाचा चांगला भाव असलेला काळ निसटतो.

शीतगृहात गारठवून दहिवराची नक्कल करता येईल, असा विचार कोणाच्याही मनात येईल. रोपाच्या दृष्टीने त्यात काही अशक्य नाही. पण मानांकन शेतातील दहिवराशी बांधलेले आहे, आणि ते शब्द सैल केले तर तार्दिव्हो इतर कोणत्याही ठिकाणी हौद बांधून काढता येईल. नियम पाळणाऱ्या छोट्या शेतकऱ्याचे संरक्षण तोच नियम करतो आणि उबदार वर्षी त्याचे नुकसानही तोच करतो. यातून पळवाट म्हणून बरेच जण हळव्या आणि गोल वाणांकडे वळतात. त्यात काही गैर नाही. मात्र बाजारात वर्षभर लाल दिसणारी भाजी आणि हिवाळ्यात पाण्यातून निघणारी भाजी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे ग्राहकाला कळले नाही तर दुसरीची मेहनत पहिलीच्या भावात तोलली जाईल.

गोव्यात हे पीक घ्यावे का, हा प्रश्न हौशी बागायतदार विचारतात. गोव्यात दहिवर गोठत नाही. किनाऱ्यावर जानेवारीच्या पहाटेही पारा वीस अंशांच्या आसपास असतो. तेव्हा तार्दिव्होचा विचार सोडूनच द्यावा. साठ-सत्तर दिवसांच्या गोल वाणाचे बी मात्र पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस, सावलीच्या रोपवाटिकेत टाकून पाहता येते. रोपे नोव्हेंबरच्या शेवटी गादीवाफ्यात गेली तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या आरंभी पाने हाती येतात, त्यानंतर ऊन ती राहू देत नाही. गड्डा सैल आणि रंग फिका राहणार, हे गृहीत धरावे. बेळगावच्या पठारावर रात्री अधिक गार असतात, तिथे निकाल याहून बरा मिळायला हवा. पाने फार कडू लागली तर कापून अर्धा तास गार पाण्यात ठेवावीत, किंवा तेल लावून तव्यावर परतावीत. उष्णतेने कडूपणा मवाळ होतो आणि रंग तपकिरी पडतो. व्हेनेतोत ती राजम्यासारख्या कडधान्याच्या सारात किंवा भातात शिजवतात.

बियाण्याची एक अडचण उरते. चिकोरीचे फूल स्वतःच्याच परागाने सहसा फळत नाही, त्याला दुसऱ्या रोपाचा पराग मधमाशीने आणून द्यावा लागतो. त्यामुळे शेजारच्या बांधावर रानटी चिकोरी फुललेली असेल तर पुढच्या पिढीत लाल रंग हरवू शकतो. त्रेव्हिझोच्या जुन्या घरांत म्हणून बियाण्याचे रोप फार जपून निवडले जाते. हौदातून निघालेल्या शेकडो तुऱ्यांतले सर्वांत रेखीव, शीर सर्वांत पांढरी आणि पाने सर्वांत मिटलेली असलेले काही विकायचे नाहीत, मुळासह बाजूला ठेवायचे आणि हिवाळा ओसरला की बांधापासून दूर पुन्हा मातीत लावायचे. उन्हाळ्यात त्यांना पुरुषभर उंचीचा दांडा येतो आणि त्यावर निळी फुले लागतात. ती सकाळी उमलतात आणि दुपार व्हायच्या आत मिटतात. शरदात वाळलेले दांडे कापून, झोडपून बी काढतात, आणि ते पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत कोरड्या जागी ठेवून देतात.